भूमिती आणि बीजगणिताचा गृहपाठ: सीमाभागातल्या मुलांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाचं गणित मराठीतून शिकणाऱ्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी हे पान आहे. पुस्तकात चलांसाठी आणि बिंदूंसाठी इंग्रजी अक्षरं असतात. इथे क्ष, य आणि अ, ब, क लिहिलं आहे. गणित तेच आहे.

शाब्दिक उदाहरण दोनदा वाचलं तरी सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. काय करावं?

सोडवायला लगेच घेऊ नका. आधी वहीत तीन ओळी लिहा: काय दिलंय, काय काढायचंय, आणि या दोन्हींना जोडणारी गोष्ट कोणती. उदाहरण घेऊ. घरामागच्या आयताकृती परड्याची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ मीटरने कमी आहे. परड्याला कुंपण घालायला ४८ मीटर तार लागते. लांबी आणि रुंदी काढा.

ज्याच्याशी तुलना केली आहे त्याला क्ष म्हणायचं. इथे लांबीची तुलना रुंदीशी आहे, म्हणून रुंदी = क्ष. मग लांबी = २क्ष − ३. जोडणारी गोष्ट म्हणजे परिमिती, कारण कुंपण चारही बाजूंनी जातं.

२(क्ष + २क्ष − ३) = ४८
३क्ष − ३ = २४
३क्ष = २७
क्ष = ९

रुंदी ९ मीटर, लांबी १५ मीटर. ताळा: ९ ची दुप्पट १८, त्यातून ३ गेले १५. (९ + १५) ची दुप्पट ४८. जुळलं.

चुका तीन ठिकाणी होतात. पहिली: 'दुपटीपेक्षा ३ ने कमी' याचं ३ − २क्ष होतं, कारण वाक्यात ३ जिथे दिसला तिथून लिहायला सुरुवात केली. किंवा २(क्ष − ३) होतं, पण ते '३ ने कमी केलेल्याची दुप्पट' झालं. दुसरी: परिमितीतला २ विसरतो. मग क्ष = १७ आणि लांबी ३१ येते. दोन्हींची बेरीज ४८ भरते, त्यामुळे मुलाला सगळं जुळल्यासारखं वाटतं. पण ती फक्त दोन बाजूंची बेरीज आहे, चारांची नाही. तिसरी: क्ष = ९ वर रेघ मारून वही मिटली जाते. विचारलं होतं लांबी आणि रुंदी. क्ष हे नाव तुम्ही ठेवलंय, परीक्षकाने नव्हे.

पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेलं की चिन्ह बदलतं असं शिकवलंय. मग कधीकधी बदलत नाही ते का?

कारण पलीकडे काहीच जात नाही. किराणा दुकानातल्या तागडीच्या एका पारड्यातून अर्धा किलो काढला, तर दुसऱ्या पारड्यातूनही अर्धा किलो काढावा लागतो. समीकरणात तेवढंच घडतं. सुरुवातीचं वर्षभर तरी 'पलीकडे नेणे' हा शब्दच वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. बाजूला लिहा: 'दोन्ही बाजूंतून ७ वजा'.

५क्ष + ७ = २क्ष − ८
३क्ष + ७ = −८ (दोन्ही बाजूंतून २क्ष वजा)
३क्ष = −१५ (दोन्ही बाजूंतून ७ वजा)
क्ष = −५ (दोन्ही बाजूंना ३ ने भागलं)

गोंधळ शेवटच्या ओळीत होतो. 'चिन्ह बदलतं' एवढंच लक्षात राहिलेला मुलगा −१५ ला −३ ने भागतो आणि ५ लिहितो. दुसरा −१५ − ३ = −१८ करतो. ३क्ष मध्ये ३ आणि क्ष यांचा गुणाकार आहे. गुणाकार सोडवायला भागाकार लागतो, आणि भागताना ३ हा ३ च राहतो.

ताळ्याला अर्धा मिनिट लागतो. क्ष = −५ ठेवला तर डावीकडे −२५ + ७ = −१८ आणि उजवीकडे −१० − ८ = −१८. क्ष = ५ ठेवून पाहा: डावीकडे ३२, उजवीकडे २. चूक तिथेच उघडी पडते.

कंसाबाहेर वजा चिन्ह असलं की हमखास चुकतं. काही उपाय?

७ − २(क्ष − ४) हे बघा. कंसाबाहेर जे आहे ते 'वजा २', नुसतं २ नाही. ते आतल्या प्रत्येक पदाला गुणतं: −२ × क्ष = −२क्ष, −२ × −४ = +८. उत्तर १५ − २क्ष. वह्यांमध्ये दोन चुकीची उत्तरं सर्रास दिसतात: ७ − २क्ष − ८, आणि ७ मधून आधीच २ वजा करून ५(क्ष − ४).

कोणतं बरोबर हे ठरवायला पुस्तकाच्या मागची पानं उघडायची गरज नाही. क्ष ला ३ किंमत द्या. मूळ राशी: ७ − २(−१) = ९. बरोबर उत्तर: १५ − ६ = ९. पहिली चूक −७ देते, दुसरी −५. ही तपासणी ०, १ किंवा २ घेऊन करू नका. ० घेतला की क्ष ची सगळी पदं गळून पडतात. १ घेतला की क्ष आणि क्ष² सारखेच होतात. २ घेतला की क्ष² आणि २क्ष दोन्ही ४ होतात. चूक असूनही उत्तर जुळतं. ३ किंवा ५ घ्या.

(अ + ब)² = अ² + ब² असं का नाही?

अंगणातल्या शहाबादी फरशीवर खडूने १३ वीत बाजूचा चौरस काढा. (वीत मोठी वाटली तर बोटं घ्या.) प्रत्येक बाजूवर १० वर खूण करून दोन रेघा ओढा. चौरसाचे चार तुकडे झाले: १० × १० चा मोठा चौरस, ३ × ३ चा लहान चौरस, आणि १० × ३ च्या दोन पट्ट्या. १०० + ९ = १०९; १३ चा वर्ग मात्र १६९. हरवलेले ६० त्या दोन पट्ट्यांमध्ये आहेत. त्याच पट्ट्या म्हणजे २अब. एकदा हाताने काढलं की ही चूक पुन्हा सहसा होत नाही; नुसतं सूत्र पाठ केलं तर महिन्याभरात परत येते.

अपूर्णांकांचं समीकरण आलं की काय करू?

छेदांचा लसावि काढा आणि प्रत्येक पदाला त्याने गुणा. उजवीकडच्या एकट्या संख्येलाही.

क्ष/२ + (क्ष − १)/३ = ३
३क्ष + २(क्ष − १) = १८
५क्ष = २०, म्हणून क्ष = ४

उजवीकडचा ३ तसाच ठेवला तर क्ष = १ येतो. २(क्ष − १) मधला कंस न लिहिता २क्ष − १ केलं तर १९/५ येतो. अंशात दोन पदं असतील तर कंस टाकूनच पुढची ओळ लिहा.

दोन चलांची समीकरणं: किंमत ठेवायची की लोप करायचा?

आधी सहगुणक बघा. एखाद्या चलाचा सहगुणक १ असेल तर किंमत ठेवणं सोपं. सहगुणक सारखे असतील किंवा थोड्या गुणाकाराने सारखे करता येत असतील तर लोप, म्हणजे बेरीज किंवा वजाबाकी करून एक चल घालवणं. आणि सहगुणक उलटसुलट असतील, म्हणजे एकात २ आणि ३, दुसऱ्यात ३ आणि २, तर बेरीज-वजाबाकीची झटपट रीत आहे. २ किलो गूळ आणि ३ किलो शेंगदाण्यांचे ४९० रुपये होतात. ३ किलो गूळ आणि २ किलो शेंगदाण्यांचे ४१०.

२क्ष + ३य = ४९०
३क्ष + २य = ४१०

बेरीज: ५क्ष + ५य = ९००, म्हणजे क्ष + य = १८०. दुसऱ्यातून पहिलं वजा: क्ष − य = −८०. या दोघांची बेरीज २क्ष = १००. गूळ ५० रुपये किलो, शेंगदाणे १३० रुपये किलो. वजाबाकी करताना जे समीकरण वजा करायचं त्याच्या पहिल्याच पदाचं चिन्ह बदलून पुढची दोन तशीच ठेवणं ही नेहमीची चूक. तिन्ही चिन्हं खाली पेन्सिलीने बदलून लिहा, मग वजाबाकी करा.

वर्गसमीकरणाचे अवयव सापडत नाहीत. किती वेळ शोधत बसायचं?

फार नाही. विवेचक काढा: मधल्या सहगुणकाचा वर्ग, वजा पहिला आणि शेवटचा यांच्या गुणाकाराची चौपट. तो पूर्ण वर्ग आला तर अवयव पडतात. २क्ष² + ७क्ष + ४ = ० मध्ये ४९ − ३२ = १७. पूर्ण वर्ग नाही, म्हणजे थेट सूत्र वापरा.

क्ष² − ५क्ष − १४ = ० मध्ये २५ + ५६ = ८१, ९ चा वर्ग. गुणाकार −१४ आणि बेरीज −५ देणारी जोडी −७ आणि +२. (क्ष − ७)(क्ष + २) = ०. मुळं ७ आणि −२. इथे घाईत −७ आणि २ लिहिलं जातं. अवयवातलं चिन्ह आणि मुळाचं चिन्ह उलट असतं.

आणखी एक: क्ष² = ५क्ष दिसलं की दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ लिहू नका. क्ष = ० हेही मूळ आहे, भागताना ते हरवतं. सगळं एका बाजूला आणा: क्ष(क्ष − ५) = ०.

'आकृतीत तसं दिसतंय' हे कारण सर का मान्य करत नाहीत?

आकृती तुम्ही काढली आहे आणि हात नकळत सुबक आकृती काढतो. 'त्रिकोण अबक घ्या' म्हटलं की बहुतेक मुलं समद्विभुज किंवा समभुज काढतात. मग मध्यगा लंब दिसते, कोन समान दिसतात, आणि उदाहरणात न दिलेली गोष्ट सिद्धतेत शिरते. म्हणून काही सांगितलं नसेल तर मुद्दाम वाकडा त्रिकोण काढा, तिन्ही बाजू वेगळ्या. अर्धं पान घ्या, पेन्सिलीने काढा. उदाहरणात जे दिलंय तेवढ्यावरच खुणा करा.

समद्विभुज त्रिकोणाचे दोन कोन समान असतात हे नेमकं कसं लिहायचं?

डावीकडे विधान, उजवीकडे कंसात कारण.

पक्ष: △अबक मध्ये अब = अक. साध्य: ∠ब = ∠क.
रचना: ∠अ चा दुभाजक काढा. तो बक ला ड मध्ये छेदतो.
△अबड आणि △अकड मध्ये:
अब = अक (पक्ष)
∠बअड = ∠कअड (रचना)
अड = अड (सामाईक बाजू)
△अबड ≅ △अकड (बाकोबा, म्हणजे बाजू-कोन-बाजू कसोटी)
∠ब = ∠क (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन)

दोन चुका जपायच्या. एक, रचनेत 'अड हा दुभाजक, मध्यगा आणि लंब काढा' असं लिहिणं. एका रेषेवर एकच अट घालता येते. बाकीच्या सिद्ध कराव्या लागतात. दुसरी, मध्येच ∠ब = ∠क वापरणं. जे सिद्ध करायचं तेच वापरलं, म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. आणि अक्षरांचा क्रम सांभाळा: △अबड ≅ △अकड लिहिलं की ब च्या जोडीला क येतो. क्रम चुकला की पुढचे संगत कोनही चुकतात.

बाकोबा चालतं, मग बाबाको (बाजू-बाजू-कोन) का नाही?

कंपास घ्या आणि स्वतः बघा. ६ सेंमीचा रेषाखंड अब काढा. अ पाशी ३०° चा कोन करून लांब किरण ओढा. आता ब वर टोक ठेवून ४ सेंमी त्रिज्येचा कंस मारा. कंस किरणाला दोन ठिकाणी छेदतो: एक बिंदू अ पासून अडीच सेंमीच्या जरा पुढे, दुसरा सुमारे ७.८ सेंमीवर. दोन बाजू त्याच, कोन तोच, त्रिकोण मात्र दोन वेगळे. कोन दोन बाजूंच्या मध्ये नसला की हे होतं. काटकोन असेल तर अडचण येत नाही, म्हणून कर्ण-भुजा कसोटी वेगळी मानली आहे.

आकृती जमली नाही तर आधी कंपासचा स्क्रू बघा. सैल असेल तर कंस मारता मारता त्रिज्या बदलते, आणि मूल बिचारं स्वतःलाच दोष देतं.

पायथागोरसमध्ये बेरीज कधी, वजाबाकी कधी?

कर्ण काढायचा असेल तर बेरीज, बाजू काढायची असेल तर वजाबाकी. कर्ण म्हणजे काटकोनासमोरची बाजू. आकृतीत तिरकी दिसते ती कर्ण, असं समजू नका. पान फिरवलं की ती आडवीही होते.

५ मीटरची शिडी भिंतीपासून १.४ मीटरवर टेकवली. शिडी हा कर्ण. उंची = √(२५ − १.९६) = √२३.०४ = ४.८ मीटर. √२५ − √१.९६ करून ३.६ लिहिणं चूक. वर्गमूळ वजाबाकीच्या उत्तराचं घ्यायचं, प्रत्येकाचं वेगळं नाही. घराचा पाया आखताना गवंडी याच प्रमेयाचा व्यत्यास वापरतात: कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट, दुसऱ्यावर ४ फूट खूण करायची, आणि खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरेपर्यंत दोरी सरकवायची.

शेतजमिनीची उदाहरणं घरच्या उताऱ्याशी जुळत नाहीत. एकर, गुंठा, आर यांचं काय?

इथे खरोखरच दोन पद्धती शेजारी शेजारी चालतात. कर्नाटकाच्या पहाणीत (तिकडच्या जमिनीच्या उताऱ्यात) क्षेत्र एकर-गुंठ्यात असतं, महाराष्ट्राच्या सातबारावर हेक्टर-आरमध्ये. चंदगड किंवा कागलकडे नातेवाइकांची जमीन असेल तर घरात दोन्ही कागद दिसतात.

१ गुंठा = ३३ फूट × ३३ फूट = १०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. ४० गुंठे = १ एकर = ४३,५६० चौरस फूट. १ आर = १०० चौरस मीटर, १०० आर = १ हेक्टर. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे म्हणून बोलताना एकच मानतात. गणितात मानू नका.

सर्वांत मोठी चूक दशांश चिन्हाची. २ एकर १५ गुंठे म्हणजे २.१५ एकर नव्हे. १५/४० = ०.३७५, म्हणून २.३७५ एकर. तसंच १ मीटर ३.२८ फूट असला तरी १ चौरस मीटर सुमारे १०.७६ चौरस फूट असतो, ३.२८ ला ३.२८ ने गुणावं लागतं.

आणि वाकड्या प्लॉटचं क्षेत्रफळ समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणण्याची सवय सगळीकडे आहे. आयत सोडला तर ती पद्धत नेहमी जास्त क्षेत्रफळ दाखवते. समजा समोरासमोरच्या बाजू ५२ आणि ५२, ६० आणि ६० फूट आहेत आणि एक कर्ण ५६ फूट भरतो. सरासरीने ५२ × ६० = ३१२० चौरस फूट. कर्णाने दोन त्रिकोण करून हेरॉनच्या सूत्राने मोजा: अर्धपरिमिती ८४, क्षेत्रफळ √(८४ × ३२ × २८ × २४) = १३४४. दोन्ही मिळून २६८८. फरक ४३२ चौरस फुटांचा, एका मोठ्या खोलीहून जास्त. चौकोनाच्या चार बाजू मोजून भागत नाही, एक कर्ण मोजावाच लागतो.

शेजारचा मित्र कन्नड माध्यमात आहे. एकत्र अभ्यास करताना शब्दांनी गोंधळ होतो.

बरेच शब्द सारखे आहेत: कोन, आयत, व्यास, त्रिज्या, समरूप. थोडे फसवे आहेत, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. मराठीत काटकोनासमोरची बाजू आणि चौकोनाचा तिरका रेषाखंड दोन्हींना कर्ण म्हणतात. कन्नडमध्ये काटकोनासमोरची बाजू 'विकर्ण' आणि चौकोनाचा तो 'कर्ण'. कन्नडमधला 'चौक' म्हणजे आपला चौरस. आपल्या चौकोनाला ते 'चतुर्भुज' म्हणतात. एकरूपला 'सर्वसम', क्षेत्रफळाला 'विस्तीर्ण', परिमितीला 'सुत्तळते'. एवढे माहीत असले की दोघांनी एकाच आकृतीवर बसून उदाहरण सोडवायला काहीच अडत नाही.

कोल्हापुरातून आणलेलं महाराष्ट्र बोर्डाचं मार्गदर्शक वापरलं तर चालेल का?

सरावाला चालेल. पण तिकडे नववी-दहावीला गणित भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती अशी दोन पुस्तकं असतात, प्रकरणांची वाटणी वेगळी असते आणि काही संज्ञाही वेगळ्या. व्याख्या आणि प्रमेयांची विधानं आपल्याच पुस्तकातल्या शब्दांत लिहा.

आम्हाला दहावीचं गणित येत नाही. मुलाला मदत कशी करायची?

उत्तर सांगायची गरजच नाही. वहीतल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारा, 'ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली?' मुलाला सांगता आलं तर ठीक. अडखळला तर चूक बहुधा तिथेच आहे. एका ओळीत एकच बदल करायला लावा; दोन पायऱ्या एकदम उरकल्या की चिन्ह हरवतं. मोबाइलवर फोटो काढून उत्तर मिळवलं असेल तर ते मिटवून तेच उदाहरण आकडे बदलून करायला सांगा.

उत्तर पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जुळत नाही. चुकलंच म्हणायचं का?

लगेच नाही. √८ आणि २√२ एकच आहेत, १/√३ आणि √३/३ एकच आहेत. वर्तुळात पायची किंमत बघा: त्रिज्या ७ सेंमी असेल तर २२/७ घेऊन १५४ चौरस सेंमी येतं आणि ३.१४ घेऊन १५३.८६. प्रश्नात कोणती किंमत घ्यायला सांगितलीय ते वाचा. सांगितलं नसेल तर २२/७ घ्या. एवढं करूनही फरक उरला तर आपलं उत्तर मूळ उदाहरणात ठेवून पाहा. ते बसलं आणि मागचं बसलं नाही, तर छपाईची चूक असू शकते. ताळ्यासकट वही वर्गात दाखवा.